दोन्ही वाटा चांगल्या असतात तेव्हा

मोतमाउलीच्या जत्रेचा तो आठवडा होता. धर्मग्रामातली बरीच माणसे वांद्र्याच्या टेकडीवर गेलेली, उरलेली पावसामुळे घरी बसलेली, त्यामुळे संध्याकाळच्या मिस्साला मंदिर जेमतेम अर्धे भरले होते. मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रागारात वस्त्रे उतरवीत होतो, तोच दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. आमच्या गायनवृंदात ती गाते. बारावी झालेली, नीट परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले दोन कागद होते. एक कागद महाराष्ट्राच्या प्रवेशफेरीचा. त्यावर जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडलेल्या महानगरपालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव होते. दुसरा कर्नाटकाच्या फेरीचा, त्यावर बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे. दोन्ही कागद आमच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तिथे मी जाईन."

वाचकहो, असा विश्वास धर्मगुरूला सुखावतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा असतो. आम्ही तिला चार दिवसांनी यायला सांगितले. तिला विचार करायला वेळ मिळावा हे कारण आम्ही दिले, पण खरे पाहता वेळ आम्हांलाच हवा होता.

आमच्या या संकोचाला जुने कारण आहे. फार वर्षांपूर्वी, आम्ही नवदीक्षित असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामातला एक मुलगा असाच दोन प्रवेशपत्रे घेऊन आला होता. एक महाविद्यालय घराजवळचे, दुसरे दूरच्या शहरातले आणि मोठ्या लौकिकाचे. आम्ही क्षणाचाही विचार न करता लौकिकाकडे बोट दाखवले. पाखराने घरटे सोडलेच पाहिजे, असे काहीसे बोललोही असू. त्या वयात अशी वाक्ये जिभेवर तयार असतात. तो मुलगा वर्षभरात परत आला, खचलेला, झोप हरवलेला. पुढे तो सावरला, दुसरे शिक्षण घेऊन मार्गीही लागला, पण डॉक्टर झाला नाही. भेटला की आजही तो आम्हांला आदराने नमस्कार करतो. त्या आदराची आम्हांला लाज वाटते.

तेव्हा प्रश्न असा की दोन्ही वाटा चांगल्या असतील तर माणसाने निवड कशाच्या आधारावर करावी? आणि ज्याला सल्ला विचारला जातो त्याने काय करावे?

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हांला बुरिदानचे गाढव भेटले होते. सारख्या अंतरावर सारख्याच दोन गवताच्या पेंढ्या ठेवल्या, तेव्हा कोणती खावी हे न ठरवता आल्याने ते गाढव उपाशी मेले, अशी ती गोष्ट. बुरिदान हा चौदाव्या शतकातला पॅरिसचा पंडित. त्याच्या उपलब्ध लिखाणात हे गाढव कोठेही नाही, टीकाकारांनी ते त्याच्या नावावर बांधले, असे सांगतात. आम्ही विद्यार्थी हसलो होतो. पण त्याआधीच्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या कोड्याला दिलेले उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यांचे म्हणणे असे की दोन गोष्टी एका बाजूने पाहता सारख्या दिसल्या, तरी बुद्धीला एकीच्या ठायी काही वेगळे श्रेष्ठत्व शोधण्यापासून कोणी अडवलेले नाही. ते सापडले की इच्छा तिकडे वळते. म्हणजे तराजू समतोल राहिला असेल तर तो आपण एकाच मापाने तोलतो आहोत म्हणून. माप बदलून पाहावे.

या मुलीच्या घरी तरी कोणकोणती मापे होती? ती चार दिवसांनी येण्याआधीच तिचे वडील येऊन गेले आणि नंतर आईही, दोघे वेगवेगळे. वडील मूळचे वसईकडचे, बोरिवलीत स्थायिक झालेले, एका खासगी कंपनीत हिशेबनीस. त्यांचे माप पैशाचे होते, आणि त्यांना हिणवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पालिकेच्या महाविद्यालयाचे शुल्क त्यांच्या आवाक्यातले, बंगलोरचे इतर खासगी महाविद्यालयांपेक्षा कमी असले तरी त्यांच्यासाठी कर्जाचे. शिवाय घरात त्यांची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यावर वर्षभराची इंटर्नशिप, एवढा काळ मुलगी लांब राहिली तर म्हातारीकडे कोण पाहील? "मुलगी हाताशी असलेली बरी, फादर," असे ते म्हणाले.

आई परिचारिका आहे. २०२० साली करोनाच्या लाटेत दहिसरच्या जंबो केंद्रात ती रात्रपाळ्या करीत असे. तिचे माप वेगळे होते. लग्नापूर्वी तिला पदवीचे शिक्षण घ्यायला दूर जायचे होते, घरच्यांनी जवळच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणावर भागवले. तिने तक्रार केली नाही, आजही करीत नाही. पण ती एक वाक्य बोलून गेली ते आमच्या मनातून जात नाही. "धाकट्याला दिल्लीला प्रवेश मिळाला असता, तर आजीचा विषय कोणी काढला असता का?"

आम्ही या प्रश्नावर गप्प राहिलो. वयोवृद्धांची सेवा हे कर्तव्य आहे, चौथी आज्ञा तेच सांगते. परंतु ते कर्तव्य घरातल्या सर्वांचे असते. ते नेमके मुलीच्याच प्रवेशाच्या वेळी आठवत असेल, तर तिथे आज्ञेचे नाव घेऊन सोय बोलत असते. हे आम्ही वडिलांना दुसऱ्या भेटीत सांगितले. ते रागावले. रागावण्यासारखेच होते.

आता दोन संस्थांविषयी. कूपरचे रुग्णालय जुने, त्याचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०१५ सालचे. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय १९२६ चे, नायरचे त्याआधीचे, शीवचे १९६४ चे, आणि हे पालिकेचे चौथे. पहिली तिन्ही जुन्या मुंबई शहरात. आमच्या पिढीत मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर परळ, शीव किंवा मुंबई सेंट्रल गाठावे लागे. उपनगरांत वस्ती वाढत गेली, पण पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला तिथवर पोचायला एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले. त्या रुग्णालयात जोगेश्वरीच्या चाळीतला आणि अंधेरीच्या झोपडीतला रुग्ण येतो. पाहायला रोगी हवेत, असे वैद्यकाचे जुने शिक्षक म्हणत. ती उणीव तिथे नाही.

सेंट जॉन्सची कथा आम्हां कॅथलिकांच्या जिव्हाळ्याची आहे. मेरी ग्लाउरी नावाची ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेलबर्नचा चालता व्यवसाय सोडून १९२० साली आंध्रातल्या गुंटूरला आली आणि धर्मभगिनी झाली. त्या काळी धर्मभगिनींनी वैद्यकी करण्यावर ख्रिस्तसभेच्या नियमांची बंधने होती, तिला रोमहून खास अनुमती मिळवावी लागली. सर्वांसाठी ही वाट मोकळी व्हायला १९३६ साल उजाडले. पुढे १९४३ मध्ये तिने देशातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली. आपल्या मूल्यांवर उभे असलेले एक वैद्यकीय महाविद्यालय असावे हे तिचे स्वप्न होते. १९५७ साली ती वारली आणि १९६३ साली भारतीय महागुरूंच्या परिषदेने बंगलोरला ते महाविद्यालय सुरू केले. शिकून बाहेर पडणाऱ्याने काही काळ वैद्यकीय सोयी नसलेल्या भागात काम करावे, हा तिथला दंडक आहे. महाराष्ट्र शासनाच्या आणि पालिकांच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांवरही वर्षभराच्या सेवेचे बंधन आहेच, फरक आहे तो त्या बंधनाकडे पाहण्याच्या वृत्तीत, असे तिथले लोक सांगतात. ते खरेही असेल.

इथे आमचा कल वाचकांच्या ध्यानात आला असेल. धर्मगुरूला सेंट जॉन्स प्रिय वाटणारच. पण तो कल म्हणजे आमचा जिव्हाळा, तिच्या आयुष्याचे प्रमाण नव्हे. सल्ला देणाऱ्याने पहिल्यांदा स्वतःच्या तराजूत कोणता दगड आधीच पडलेला आहे ते तपासावे.

त्या चार दिवसांत आम्हांला वारंवार आनंदीबाई जोशी आठवत होत्या. १८६५ साली जन्मलेली कल्याणच्या घराण्यातली ही मुलगी. मुलुंडहून लोकल पकडली तर अर्ध्या-पाऊण तासात कल्याण येते. आज त्या स्थानकावर गर्दीत उभे राहून कोणाला तिची आठवण येत नसेल. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलेले. डॉक्टर व्हायचे तिने ठरवले ते त्यानंतर. तिच्यापुढेही दोन शहरे होती. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना १८७५ पासून प्रवेश मिळू लागला होता. मग सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियाला कशासाठी जायचे? फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालातल्या सेरामपूरच्या कॉलेजात भरसभेत तिने याचे उत्तर दिले. तेव्हा तिला अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. मद्रासला मिळणारे शिक्षण अपुरे आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. धर्म सोडणार नाही हेही सांगितले.

या शेवटच्या गोष्टीला एक पूर्वपीठिका आहे आणि ती आम्ही ख्रिस्ती लोकांनी खाली मान घालून वाचावी अशी आहे. तिचे पती गोपाळराव यांनी आधी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिले होते. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो वाचला. त्यांनी अट न घालता घर देऊ केले. एका ख्रिस्ती माणसाने लोटलेले दार दुसरीने उघडले, एवढाच आम्हांला दिलासा.

आनंदीबाई गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीकक्षावर नेमणूकही झाली. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीस नाही, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात एक दिवसही काम केलेले नाही. मद्रास निवडले असते तर त्या जगल्या असत्या का? या प्रश्नाला उत्तर नाही. मात्र या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, तो महत्त्वाचा. निर्णयाचा परिणाम वाईट झाला म्हणून निर्णय चुकीचा होता असे म्हणता येईल काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते सहजासहजी दिलेले नाही. आम्ही त्या मुलाला दिलेला सल्ला चुकीचा होता असे आम्ही वर म्हटले. का? तो खचून परत आला म्हणून नव्हे. तो जाऊन यशस्वी डॉक्टर झाला असता तरी आमचा सल्ला चुकीचाच ठरला असता, कारण आम्ही त्याला काहीही विचारले नव्हते. त्याची झोप, त्याचा स्वभाव, घरची ओढ, त्याला खरोखर काय हवे आहे, यांतले काहीच आम्हांला ठाऊक नव्हते. फक्त यश मिळाले असते तर आमची चूक आम्हांला कधी कळली नसती. उलट आनंदीबाईंनी आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व गोष्टी पुढ्यात घेऊन, त्या चारचौघांत उच्चारून, मग पाऊल उचलले. उद्याचे कोणाला दिसते? माणसाने आज जे दिसते ते तरी डोळे न मिटता पाहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा करता येते.

पण मग परिणामांना किंमतच नाही का? आहे. इटलीतल्या जान्ना बेरेत्ता मोल्ला यांनी १९४९ साली पाव्हिया येथे वैद्यकीय पदवी मिळवली. ब्राझीलमध्ये मिशनकार्य करणाऱ्या आपल्या भावाकडे जाऊन गरिबांची सेवा करावी असे त्यांच्या मनात होते. प्रकृती साथ देणार नाही हे जाणून त्यांनी तो विचार सोडला आणि घराजवळच्याच मेझेरो गावात दवाखाना थाटला. २००४ साली त्यांना संतपद मिळाले. न जाण्याचा निर्णयही परिणामांचा विचार करूनच झाला होता. परिणामांचा अंदाज हा विचाराचा भाग आहे. प्रत्यक्ष घडलेला परिणाम मात्र नंतर येतो, आणि त्याला न्यायाधीश करता येत नाही.

शिवाय कोणत्या शहरात शिकलो यावर पुढचे सारे ठरते हा समजही तपासून घ्यावा. अभय आणि राणी बंग नागपुरात शिकले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि १९८६ साली गडचिरोलीत संस्था काढून बसले. नवजात बालकांची खेड्यातच, घरीच काळजी कशी घ्यावी यावरचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. त्यांना गडचिरोलीला जायला कोणत्याही महाविद्यालयाने सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी मुलगी आली. आम्ही तिला संत इग्नेशियस लोयोला यांची एक युक्ती सांगितली. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, पण ज्याचे भले व्हावे असे वाटते, असा एक मनुष्य कल्पावा. तो याच पेचात आहे. त्याला आपण काय सांगू? मग तेच आपण करावे. तिने थोडा वेळ विचार केला आणि आम्हांला चकित करणारे काही बोलली. म्हणाली, "फादर, तसा एक माणूस खरोखरच आहे. मी त्याला पाहिलेले नाही. मी दोन्ही जागा अडवून बसले आहे, आणि एका जागेसाठी तो प्रतीक्षायादीत थांबला आहे."

आम्ही इतके दिवस तिचे वडील, आई, आजी, आमची जुनी चूक, सेंट जॉन्स, आनंदीबाई, सगळ्यांचा विचार केला होता. हा माणूस आमच्या ध्यानातच आला नव्हता. पूर्वी काही संस्था आपली परीक्षा घेत, मुलाखत घेत, तू डॉक्टर का होणार असे विचारीत. २०१६ पासून देशभर एकच परीक्षा आहे. ख्रिस्ती संस्थांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, २०२० मध्ये न्यायालयाने तीच परीक्षा अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही लागू असल्याचा निकाल दिला. न्याय्यतेच्या दृष्टीने त्यात गुण आहेत हे आम्हांला मान्य आहे. पण आता कोणी 'का' असे विचारीत नाही, आणि विद्यार्थी एकमेकांना गुणक्रमांकाच्या आकड्यांपलीकडे दिसत नाहीत. दोन राज्यांच्या फेऱ्या वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे एकच मुलगी काही दिवस दोन जागांची मालकीण होऊ शकते. कायद्याने त्यात गैर काही नाही. मुदत संपेपर्यंत ती जागा तिचीच. मूळ कागदपत्रे एका वेळी एकाच महाविद्यालयात देता येतात, म्हणून शेवटी एक सोडावीच लागते, पण शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवली तर ती पुढच्या फेरीत जाते, आणि तोवर यादीतल्या मुलाने वडिलांचे पैसे दुसरीकडे भरून टाकलेले असतात. कायदा मुदत देतो. त्या मुदतीचा शेवटचा दिवस वापरायचा की पहिला, हे मात्र कायदा सांगत नाही, आणि आमच्या मते या साऱ्या पेचातला निखळ नैतिक प्रश्न एवढाच होता. दोन चांगल्या वाटांपैकी कोणतीही निवडली तरी पाप नव्हते. न निवडता दोन्ही धरून बसणे हेच दुसऱ्या कोणाला तरी महागात पडणार होते. बुरिदानचे गाढव उपाशी मेले खरे, पण त्या दोन पेंढ्यांमागे दुसरी गाढवे रांगेत उभी होती का, हे त्या गोष्टीत कोणी विचारले नाही!

मग आम्ही तिला सल्ला दिला की नाही? दिला. नुसते प्रश्न विचारून हात झटकणे हाही भित्रेपणाच होतो, आणि माणूस दारात आला असता त्याला त्याच्याच विवेकाकडे परत धाडून देणे नेहमीच विनम्रतेचे लक्षण नसते. आम्ही म्हणालो, "आमचे मन बंगलोरकडे झुकते. पण त्यातले निम्मे कारण आमचे आहे, तुझे नाही. आजीसाठी राहू नकोस आणि आईसाठी जाऊ नकोस. तुझे कारण एका वाक्यात सांगता आले तर त्याप्रमाणे कर, आणि आजच्या आज कर."

ती थोडा वेळ बाहेरच्या पावसाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी कूपरला जाते. मी रोज ज्या लोकलने जाते त्या डब्यातली माणसे तिथे येतात. मला त्यांच्या घरांचे पत्ते ठाऊक आहेत."

हे कारण आम्हांला सुचले नसते. त्यात वडिलांचा पैसा नव्हता, आईची अपुरी इच्छा नव्हती, आमचे सेंट जॉन्सही नव्हते. कदाचित तिच्या मनात तळाशी आजी असेलही, आम्ही खोलात गेलो नाही. बंगलोरची जागा तिने त्याच रात्री सोडली, मुदतीला पाच दिवस होते. ती जागा कोणाला मिळाली, हे आम्हांला कळण्याचा संभव नाही. आईला दोन दिवस वाईट वाटले, असे ऐकतो. तिसऱ्या दिवशी तिने मुलीसाठी पांढरा कोट शिवायला टाकला.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी माणसांना कम्युनियन द्यायला घरोघर जातो. त्या घरीही जातो. आजीची वाचा आता बरीच सुधारली आहे, तक्रारीही पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. नात सकाळी सातच्या आत घर सोडते आणि रात्री आजी झोपल्यावर येते, रविवारी पुस्तकात डोके घालून बसते, असे गाऱ्हाणे तिने आमच्यापुढे मांडले. आम्ही म्हटले, "आजी, निदान ती घरात तर आहे." त्यावर म्हातारी उशीवर मान वळवीत म्हणाली, "फादर, बंगलोरला गेली असती तर एखादे पत्र तरी आले असते."